मूळ प्रत दाखवा

छायाचित्र खोटे बोलत नाही, ही समजूत रूढ झाली त्या काळीही ती संपूर्ण खरी नव्हती. गावोगावच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रण बुजविणारे कारागीर होतेच. आणि वधूपक्षाने स्थळाकडे धाडलेल्या फोटोवर त्यांचा हात फिरला नाही, असे घर विरळा! तथापि त्या पेन्सिलीला मर्यादा होती. व्रण सहज पुसला जाई; कंबर कातरायची तर बराच खटाटोप पडे. 1990 साली फोटोशॉप बाजारात आले आणि हा खटाटोप संपला.

2003 साली 'जीक्यू' या मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीने मुखपृष्ठावर केट विन्स्लेट या अभिनेत्रीला इतके सडपातळ करून टाकले, की 'मी अशी दिसत नाही आणि मला तसे दिसायचेही नाही', अशा आशयाचा निषेध तिने स्वतःच केला. 2009 साली राल्फ लॉरेन कंपनीच्या जाहिरातीत तरुणीची कंबर तिच्या डोक्याहून अरुंद झाली आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हे प्रकार उघडकीस आले ते अतिरेकामुळे. बेताने केलेली लबाडी ओळखायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

काही खुणा आहेत. कंबरेमागची भिंत, चौकट वा फरशीची रेघ तेवढ्याच जागी वाकलेली दिसली, तर कंबर आत ढकलली असे खुशाल समजावे. कोपराला वळी नाही, त्वचेला रंध्रे नाहीत, आरशातले प्रतिबिंब देहाशी जुळत नाही, दोन सावल्या दोन दिशांना पडल्या आहेत, या गोष्टीही बोलक्या असतात. परंतु येथे घाईही नको. खाली वाकून रुंद कोनाच्या भिंगाने टिपलेले पाय मुळातच लांब दिसतात; पोशाख मागून टाचण्या लावून आवळलेला असतो; प्रकाशयोजना आणि रंगभूषा मिळून चेहऱ्यावरचे निम्मे दोष झाकतात. यांपैकी कशालाही संगणक लागत नाही. तेव्हा केवळ नजरेच्या बळावर दिलेला निकाल निरपराध छायाचित्रकारावरही उलटू शकतो.

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या एरिक की आणि हॅनी फरीद या संशोधकांनी 2011 साली फेरफाराची मात्रा 1 ते 5 अशा श्रेणीत मोजणारी पद्धत मांडली. तिच्यासाठी 468 छायाचित्रे तपासली गेली. मात्र प्रत्येकाची आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही प्रती हाताशी होत्या. आमच्या मते सगळी मेख येथेच आहे. वाचकाच्या हाती पडते ती नंतरची प्रत; आधीची कंपनीच्या कपाटात राहते. त्याच वर्षी ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेने ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांची चित्रे असलेल्या लॉरेआल समूहाच्या दोन प्रसाधन-जाहिराती रोखल्या. चित्रात दिसते ते प्रसाधनाचेच फळ आहे, असे मानण्याजोगा पुरावा संस्थेला मिळाला नाही.

सिद्ध करण्याचा भार जाहिरातदारावर टाकण्याची ही दिशा आम्हांस योग्य वाटते. फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017 पासून देहाकृती बारीक वा जाड केलेल्या व्यापारी छायाचित्रावर तसे छापणे सक्तीचे झाले, आणि चुकणाऱ्यास 37,500 युरोपर्यंत दंड आहे. नॉर्वेचा अशा स्वरूपाचा कायदा 1 जुलै 2022 पासून अमलात आला.

परंतु ऑगस्ट 2025 च्या अमेरिकन 'व्होग'मध्ये गेस कंपनीच्या जाहिरातीत जी तरुणी झळकली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेली होती. तशी नोंद होती, पण बारीक टायपात! तिची मूळ प्रत मागावी कोणाकडे? आरशासमोर उभी राहून स्वतःला त्या चित्राशी ताडून पाहणारी शाळकरी मुलगी आता अशा देहाशी स्पर्धा करीत आहे, जो कोणाचाच नाही.

आपल्याकडील जाहिरात मानक परिषदेने 2014 साली, सावळा वर्ण हीन वा दुःखी दाखवू नये असा दंडक घातला, हे स्वागतार्हच होते. त्याच परिषदेने आता त्वचा आणि बांधा यांच्या नावे माल विकणाऱ्या प्रत्येक जाहिरातदाराकडून मूळ छायाचित्र मागून घ्यावे. आणि जेथे ते नाहीच, तेथे 'ही व्यक्ती अस्तित्वात नाही' एवढे शब्द मालाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावयास लावावे.