गुलाबराव महाराज
गुलाबराव महाराज : (६ जुलै १८८१–२० सप्टेंबर १९१५). वऱ्हाडातील तत्त्वचिंतक संत व ‘मधुराद्वैत’ मताचे प्रवर्तक. आडनाव मोहोड. जन्म अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे, आजोळी (अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी हे गाव वेगळे). मूळ गाव माधान. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या गुलाबरावांची दृष्टी अगदी तान्हेपणी गेली. ग्रंथ दुसऱ्याकडून वाचवून घ्यावयाचे व स्वतःचे लेखन सांगून उतरवून घ्यावयाचे, अशी त्यांची अभ्यासाची रीत होती. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी संस्कृत, मराठी व हिंदी भाषांत शंभरांहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. १९०१ मध्ये त्यांना ज्ञानेश्वरांचा अनुग्रह झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या व कृष्णपत्नी मानीत आणि त्या भावाने कुंकू व मंगळसूत्र धारण करीत.

त्यांच्या विचारापुढील मुख्य अडचण जुनीच आहे : सत्य एकच असेल, तर प्रेम कोणी कोणावर करावयाचे? प्रेमाला दोघे लागतात. शांकर वेदान्तात दोरीवर भासलेला साप दोरीच्या ज्ञानाने नाहीसा होतो. देवाचे सगुण रूपही तसेच मानले, तर ज्ञान होताच भक्ती संपेल. गुलाबरावांनी येथे भेद केला. सापासारखा भास हा अध्यस्त विवर्त होय. परंतु सोन्याचे ज्ञान झाल्याने अलंकार नाहीसा होत नाही. भगवंताचे सगुण रूप या दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे ‘अनध्यस्त विवर्त’ आहे. म्हणून भक्ती ही ज्ञानाची केवळ पायरी ठरत नाही. ज्ञानानंतरही ती टिकते. गोपीभाव ही त्यांच्या दृष्टीने या मताची आचरणातील बाजू होती. तिच्याकडे केवळ विक्षिप्तपणा म्हणून पाहणाऱ्यांच्या ध्यानात हा दुवा येत नाही.

मनाविषयीचा त्यांचा विचारही याला धरूनच आहे. प्रेम ही मनाचीच वृत्ती. तेव्हा मन मारून भक्ती साधणार नाही, ते शुद्ध करून ईश्वराकडे वळवावे लागते. मानसायुर्वेद या ग्रंथात त्यांनी मनोविकारांचे विवेचन केले आहे. डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. तथापि श्रुतिप्रामाण्य गृहीत धरल्याने त्यांचे खंडन ते न मानणाऱ्या वाचकाला पुरेसे वाटत नाही. अनध्यस्त विवर्ताची कल्पना मात्र तर्काच्या कसोटीवरही विचारार्ह आहे.

पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी पुढे त्यांच्या विचारांचा प्रसार केला.