फाइल मेनू कुठे गेला?

ऑफिस 2007 नव्याने बसवलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : फाइल मेनू कुठे गेला? वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगीत बोधचिन्हाचं एक गोल बटण होतं. प्रिंट, सेव्ह ॲज, सगळं त्याच्या पोटात. पण ते बटण आहे असं कुणाला वाटेचना. कंपनीचा शिक्का समजून लोक त्याकडे बघतही नसत. 2010च्या आवृत्तीत तिथे मुकाट्याने ‘फाइल’ हा शब्द परत आला.

मायक्रोसॉफ्टची बाजू मात्र लंगडी नव्हती. वर्डच्या पहिल्या आवृत्तीत जेमतेम शंभरेक आज्ञा होत्या, 2003 येईपर्यंत त्या दीड हजारांच्या घरात गेल्या. टूलबारच 31 झाले होते. ऑफिस 2000मध्ये यावर एक अतिशहाणा तोडगा काढला होता : कमी वापरातल्या आज्ञा मेनूने आपणहून लपवायच्या. परिणाम असा की काल दिसलेली ओळ आज गायब, आणि खालच्या दुहेरी बाणावर क्लिक करून तिला शोधून आणायचं. तेव्हा मेनूच मोडीत काढून ‘रिबन’ नावाची बटणांची पट्टी आणावी, असं कंपनीतल्या जेन्सन हॅरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांना वाटलं, तर त्यात चूक नव्हती. लोक काय वापरतात याची मोजदादही त्यांच्याकडे होती. वर्ड 2003मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञा एकूण वापराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापत होत्या.

पण दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस वेगळाच होता. आपल्याकडे एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या तुकड्यांनी मेनू पाढ्यांसारखे पाठ केले होते. पेज सेटअप ‘फाइल’मध्ये, मेल मर्ज ‘टूल्स’मध्ये, एक्सेलचं फ्रीझ पेन्स ‘विंडो’मध्ये. वयाच्या पन्नाशीत माऊस धरायला शिकलेल्या कारकुनाला संगणक येत होता तो एवढ्या वाटांच्या जोरावर. त्या वाटाच उखडल्या, आणि जुनं रूप परत आणायचा पर्यायही नव्हता. फ्रीझ पेन्स ‘व्ह्यू’मध्ये सापडायचं, पण तोवर साहेबांची हाक आलेली असायची.

तरीही रिबन टिकली, आणि माझ्या मते टिकायलाच हवी होती. त्याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. एक्सेलमध्ये नुसते आकडे चिकटवायला हिशेबनीस जुन्या मेनूची अक्षरं एकामागून एक दाबायचे : ऑल्ट, ई, एस, व्ही. ‘ई’ म्हणजे एडिट मेनू. तो मेनू गेला, पण किल्ल्या चालूच राहिल्या. ऑल्ट-ई दाबलं की वर एक छोटी चौकट येते आणि जुन्या आवृत्तीची पुढची अक्षरं दाबा म्हणते. डोळ्यांना नवं घर दिलं तरी बोटांचा जुना रस्ता उघडा ठेवला होता.

ही अक्कल विंडोज 8 करताना कुठे गेली कोण जाणे. 1995पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्ट बटण 26 ऑक्टोबर 2012ला नाहीसं झालं आणि पडदाभर रंगीत फरशा आल्या. टॅब्लेटवर बोट फिरवणाऱ्यासाठी ते ठीक होतं, पण टेबलावर माऊस घेऊन बसलेल्याचे हाल झाले. संगणक बंद करायचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्या, सरकत येणारी पट्टी पकडा, सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. वैतागून माणसं सरळ डब्याचं बटण दाबायची. हे काम ज्यांच्या हाताखाली झालं ते स्टीव्हन सिनॉफ्स्की नोव्हेंबरातच कंपनीतून बाहेर पडले. क्लासिक शेलसारख्या फुकट प्रोग्रॅमनी लोकांना जुना मेनू मिळवून दिला. 2013च्या 8.1मध्ये बटण आलं, पण दाबलं की पुन्हा त्याच फरशा! खरा मेनू परतला तो जुलै 2015मध्ये, विंडोज 10बरोबर. एवढं होऊनही 2021च्या विंडोज 11ने टास्कबारवरच्या खिडक्या नावानिशी सुट्या ठेवायची सोय काढली आणि दोन वर्षांनी परत दिली.

लिनक्सवाल्यांकडे निदान फुटून निघायचा हक्क असतो. 2011मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची नव्या रूपातली तिसरी आवृत्ती आली, लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सनीही तिच्यावर तोंडसुख घेतलं, आणि जुन्या ग्नोमवरून ‘माते’ नावाची वेगळी चूल मांडली गेली. आपल्या मराठी डीटीपीवाल्यांनी तर वेगळी चूलही मांडली नाही. पेजमेकर 7 ही 2001ची शेवटची आवृत्ती, ती त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे कित्येक वर्षं सोडलीच नाही.

आपल्या बाजारपेठांतली खरी बोंबाबोंब मात्र टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवरून झाली. नोव्हेंबर 2020मध्ये त्याची नवी आवृत्ती, टॅली प्राइम, आली. टॅली चालवणारा माणूस माऊसला हात लावत नाही. डाव्या हाताने बिलं उलटतो आणि उजव्या हाताने टाइप करतो. बंगळूरच्या कंपनीला हे ठाऊक असणारच, कारण एफ-4 ते एफ-9 जागचे हलले नाहीत. कॉन्ट्रा, पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स, परचेस, सगळं तसंच. पण क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-8वरून ऑल्ट-एफ-6वर गेली आणि डेबिट नोट कंट्रोल-एफ-9वरून ऑल्ट-एफ-5वर. कंपनी निवडायला सवयीने एफ-1 दाबावं तर मदतीचा मेनू उघडायचा.

बदल्यात मिळालं तेही लहानसहान नव्हतं. ऑल्ट-जी दाबलं की व्हाउचर अर्धवट असतानाही हवा तो अहवाल बघता येतो, आधी त्यासाठी मेनूच्या पायऱ्या उतराव्या-चढाव्या लागायच्या. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना प्राइमच सोपं वाटतं आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. पण डेबिट नोट हलवल्याने त्यांचा काय फायदा झाला, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यांना दोन्ही किल्ल्या सारख्याच नव्या होत्या.