सुट्टीतला खेळ अख्ख्या घराचा हवा
जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं श्वास वाढवणारी हालचाल हवी. मुलं खेळतायत आणि आईबाबा बाकावर मोबाइल बघतायत, तर काम निम्मंच झालं. म्हणून उन्हाळी कार्यक्रम सहकुटुंब आणि मोफत हवेत. खर्चाचं काय? लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरतो, लंगडीला तेवढंही लागत नाही. जागा? कोलंबियाच्या बोगोटात १९७४पासून ‘सिक्लोव्हिया’ चालते; दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद, माणसांना खुले. ऊन? सकाळी साडेसहा ते आठ खेळा, माठ भरून ठेवा. फुकटाची किंमत नसते म्हणतात, पण शुल्क लावलं की आधी गळतात ती गरजू घरंच.