धातूलाही पाझर फुटतो!

दगडाला पाझर फुटला असे आपण म्हणतो, ते माणसाच्या मनाविषयी. धातूला मात्र खराखुरा पाझर फुटतो, आणि ज्याने तो पाहिलेला नाही त्याला सांगून पटत नाही. जुन्या मोटारसायकली जिवापाड जपणारी मंडळी आपल्याकडे गावोगाव आहेत. सकाळी गाडीवरचे आच्छादन काढावे, तो पेट्रोलचा वास यावा. कार्बुरेटरच्या पोटाला ओल आणि खाली इंजिनावर पिवळट डाग दिसावा, हा अनुभव त्यांतील पुष्कळांना असेल. कोठे चीर दिसत नाही, सांधा सुटलेला नाही, आणि पेट्रोल तर बाहेर येते! अशा गाड्यांची उस्तवार करताना या कोड्याविषयी मला जे कळले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम या धातूची जात पाहू. १९५५ साली मद्रासला बुलेट बनू लागली, तेव्हा तिला इंग्लंडातील बर्मिंगहॅमचा अमल कार्बुरेटर असे. म्हैसूरच्या जावाला झेकोस्लोव्हाकियाच्या जिकोव्ह जातीचा. अमल हे नावच मुळी १९२७ साली तीन जुन्या कार्बुरेटरवाल्यांचे एकीकरण झाले त्यावरून पडले. त्या काळच्या पुष्कळ कार्बुरेटरांचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असे. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम घातले की हा धातू होतो. अमेरिकेत १९२९ च्या सुमारास त्याला ‘झामाक’ नाव मिळाले. इंग्लंडात तोच ‘माझाक’. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो आणि नक्षीदार साच्यातही कानाकोपऱ्यापर्यंत भरतो, म्हणून कारखानदारांचा लाडका.

हा रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात मारतात. साच्याला टेकलेला थर क्षणात गोठतो आणि घट्ट होतो. आतला रस मागाहून गोठताना आकसतो, शिवाय थोडी हवाही त्यात अडकते. परिणाम पावासारखा होतो: वर घट्ट कवच आणि पोटात बारीक जाळी. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला ही गोष्ट नवी नाही. जोवर ते कवच शाबूत आहे, तोवर आतली भोके एकमेकांना मिळून बाहेर वाट काढीत नाहीत, आणि गाडी पन्नास वर्षे बिनतक्रार चालते.

आता मौज पाहा. गाडीवरच्या प्रेमापोटीच हे कवच जाते! माझ्या परिचयाच्या एका तरुणाने आजोबांची मोटारसायकल नव्यासारखी करायला काढली. कार्बुरेटर पॉलिशवाल्याकडे दिला; तो चांदीच्या वाटीसारखा लखलखत परत आला आणि आठवड्याने गळू लागला. “काका, फ्लोट बदलला, पिन बदलली, पॅकिंग बदलले, आता काय गाडीच बदलू?” असे तो काकुळतीला येऊन मला विचारू लागला. मी म्हटले, “बाबा रे, तू कातडी सोलून आणली आहेस, त्याला पिन काय करणार?” बफाच्या चाकावर, वाळू मारून किंवा खरकागदाने घासून वरचा थर गेला, की आतली जाळी उघडी पडते. जुना गंज, साचलेले पाणी आणि आम्लाची धुलाई हेच काम सावकाश करतात. तांब्याच्या भांड्यांना चिंच-मीठ लावावे. जस्ताला आम्ल सोसत नाही. हल्लीच्या पेट्रोलात २०२५ पर्यंत इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कार्बुरेटरात पेट्रोल ठेवू नये.

पण गळती दिसली की लगेच धातूला दोष देऊ नका. शंभरांत बहुतेक वेळा चोर दुसराच असतो: झिजलेली पिन, पाणी भरल्यासारखा जड झालेला फ्लोट, वाकलेले झाकण, वाळलेले वायसर नाही तर पेट्रोलचा कॉक. खात्री करण्याची युक्ती जुनी आहे. रेल्वेच्या कारखान्यांत चाकांच्या आसांतील चिरा हुडकण्यासाठी तेल आणि खडू वापरीत. तीच येथे उपयोगी पडते. कार्बुरेटर उतरवून स्वच्छ धुवावा, पुरता वाळू द्यावा. खडूची पूड स्पिरिटात कालवून बाहेरून पातळ लेप द्यावा. तो सुकला की पेट्रोल साठते त्या कप्प्यात रॉकेल किंवा डिझेल भरावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी सांध्याजवळ ओल असेल तर पॅकिंग बदला. भर भिंतीच्या मधोमध काळसर ठिपका उमटला असेल, तर मात्र धातूच पाझरतो आहे. पाण्याने ही परीक्षा करू नये. पाणी जेथे अडते तेथून पेट्रोल सहज निसटते.

उपायांत पहिला मोह बाहेरून एम-सील थापण्याचा. तेल मुरलेल्या धातूवर तो धरत नाही, आणि आतून पेट्रोल त्याला हळूहळू सोडवते. आतून टाकीचा लेप फासावा, तर त्याचा पापुद्रा सुटून जेटच्या सुईएवढ्या भोकात अडकायचा. डाग देण्याचा तर विचारच नको. ज्योत लागताच धातू ओघळतो.

खरा उपाय भोकाच्या आत शिरणारा हवा. कारखान्यांत तो असा करतात: वस्तू बंद भांड्यात ठेवून हवा काढून घेतात. भोके रिकामी झाली की पातळ राळ सोडतात, दाब देऊन ती आत मुरवतात, वरची धुऊन टाकतात आणि सुमारे नव्वद अंशांच्या गरम पाण्यात आतली घट्ट करतात. पूर्वी या कामी सोडियम सिलिकेट वापरीत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींच्या ओतीव भागांसाठी हे काम रोज चालते. एकटा कार्बुरेटर घेऊन गेलात तर कोणी नाही म्हणेल, कोणी एखाद्या घाण्यात ठेवूनही देईल. विचारायला काय हरकत आहे? देण्यापूर्वी जेट, पिन, फ्लोट, पॅकिंग सारे काढावे. परत आल्यावर प्रत्येक वाट हवेने फुंकून पाहावी.

घरच्या घरी करायचे तर हवा न लागता घट्ट होणारा, अगदी पातळ, सांध्यात झिरपणारा चिकटद्रव मिळतो. भाग तेलविरहित करून हाताला चटका बसेल इतपत कोमट करावा, ठिपक्यावर थेंब सोडावेत, निवताना द्रव आत ओढला जातो. वरचा पुसून एक दिवस ठेवावा आणि खडूची परीक्षा पुन्हा घ्यावी. बारीक पाझराला हे पुरते, चिरेला नाही.

आणि एक दुखणे असाध्य आहे. ओतताना जस्तात शिसे, कथील किंवा कॅडमियम मिसळले गेले असेल, तर दमट हवेत धातू कणाकणांतून कुजतो, फुगतो, तडकतो. अशा कार्बुरेटरला नमस्कार करून दुसरा आणावा. त्यात आजोबांचा अपमान नाही.

कारण प्रश्न केवळ वासाचा किंवा पैशाचा नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीवर पसरत, दिसत नसताना, चार हात दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. दसऱ्याला आपण गाडीला झेंडू वाहतो, दिवाळीत जिन्याखाली पणती ठेवतो, आणि पुष्कळ ठिकाणी गाडीही त्याच जिन्याखाली असते. पाझर थांबेपर्यंत कॉक बंद ठेवा, कार्बुरेटर रिकामा करा आणि पणती दुसरीकडे लावा. चकाकीचे म्हणाल, तर जुन्या कार्बुरेटरचा तो मळकट करडा रंग घासून काढू नका. तीच त्याची कातडी आहे, आणि तीच पेट्रोल अडवते.