सावडीचे घर



गेल्या पावसाळ्यात आपल्या वर्गातल्या एका मुलीच्या घराची मागची भिंत रात्री पडली. भिंत पांढऱ्या मातीची होती. चार दिवस झड लागली होती. सगळे पुढच्या खोलीत निजले होते म्हणून वाचले. भिंतीच्या जागी त्यांनी जुने पत्रे उभे केले, वर ताडपत्री बांधली आणि अजून तसेच राहतात. मी तिचे नाव लिहीत नाही. ती मला म्हणाली, "लिही की, पण माझं नाव नको. लोकं बिचारी म्हणतात." म्हणून नाही लिहिले.

त्या भिंतीवरून वर्गात बोलणे निघाले. एक मुलगा म्हणाला, "आपण सगळे मिळून बांधू या की!" तेव्हा सगळे हसले. मीही हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "जगात अशी पुष्कळ घरे उभी राहिली आहेत. नीट समजून घ्या आणि भित्तिपत्रकात लिहा." ते काम माझ्याकडे आले. जे समजले ते येथे देत आहे.

आपलीच जुनी रीत

घरी येऊन मी आजीला विचारले. आजी म्हणाली, "अगं, यात नवीन काय आहे? आमच्या वेळी इर्जिक असायचं." एखाद्याची नांगरट मागे पडली, की गावातले शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन एकाच दिवशी त्याच्या रानात उतरत. दिवसभरात रान नांगरून होई. मालकाने संध्याकाळी सर्वांना पोटभर जेवू घालायचे, एवढेच. मजुरी कोणी मागत नसे.

सावड म्हणजे थोडे निराळे. आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. यात पैसा नसतो, पण हिशोब असतो. जो सावड फेडत नाही त्याच्याकडे पुढच्या वेळी कोणी जात नाही. आजी म्हणाली, "सावड भीक नव्हं. घेतली की फेडायची." हे वाक्य मी लक्षात ठेवले, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच येते.

भुईमुगाच्या देशातली गोष्ट

अमेरिकेत जॉर्जिया नावाचे राज्य आहे. आपल्यासारखाच तिथे कापूस होतो, भुईमूग होतो. तिथल्या अमेरिकस नावाच्या गावाजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन यांनी काही सोबत्यांसह एक शेत सुरू केले. शेताचे नाव कोइनोनिया. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ सहभाग, बंधुभाव असा होतो. त्या काळी तिथे काळ्या आणि गोऱ्या लोकांनी एका पंक्तीला बसणेसुद्धा चालत नसे. या शेतात मात्र दोघे बरोबर काम करत आणि बरोबर जेवत. त्यामुळे आसपासचे लोक चिडले. १९५० नंतरच्या दशकात त्यांच्यावर बहिष्कार पडला, गोळ्याही झाडल्या गेल्या. गावात माल विकता येईना, तेव्हा त्यांनी अक्रोडासारखी पेकन नावाची फळे टपालाने विकून दिवस काढले.

त्या शेताच्या आसपास गरीब मजूर मोडक्या खोपटांत राहत. १९६५ साली मिलार्ड फुलर आणि त्यांच्या पत्नी लिंडा तिथे आले. फुलर हे वकील आणि व्यापारी होते. तिशीच्या आतच ते लक्षाधीश झाले होते. पण पैशाच्या मागे लागून संसार मोडू लागला, म्हणून दोघांनी सगळी संपत्ती देऊन टाकली. १९६८ साली जॉर्डन आणि फुलर यांनी शेताच्या कडेला अर्ध्या अर्ध्या एकराचे, म्हणजे वीस वीस गुंठ्यांचे, ४२ भूखंड पाडले आणि गरीब मजुरांसाठी घरे बांधायला घेतली. जॉर्डन १९६९ साली वारले, पण काम थांबले नाही. फुलर १९७३ साली आफ्रिकेत झैरे देशात गेले. त्या देशाला आता काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात. तिथेही अशीच घरे होतात हे पाहून ते परत आले आणि १९७६ साली त्यांनी 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. भारतात या संस्थेचे काम १९८३ साली खम्मम येथे सुरू झाले.

नियम

मला वाटले होते, की श्रीमंत लोक येतात, घर बांधतात आणि किल्ली देऊन जातात. तसे नाही. तिथले मुख्य नियम असे :

१) घराची खरी गरज आहे का, हे पाहूनच कुटुंब निवडायचे. जात, धर्म, रंग पाहायचा नाही.

२) त्या कुटुंबाने स्वतः काहीशे तास काम केलेच पाहिजे. आपल्या घरावर आणि दुसऱ्याच्या घरावरही.

३) बाकीची माणसे श्रमदानाला येतात. त्यांत शिक्षक असतात, विद्यार्थी असतात, कारकून असतात.

४) सामानाचा खर्च कुटुंबाने हप्त्याने फेडायचा. फुलर यांच्या मूळ रीतीत त्यावर नफा नाही आणि व्याजही नाही.

५) फेडलेले पैसे संस्थेच्या खिशात जात नाहीत. त्यातून पुढच्या कुटुंबाचे घर होते.

पाचवा नियम ऐकल्यावर मला आजीची सावड आठवली. फरक एवढाच, की ज्याने तुम्हाला दिले त्यालाच परत न देता पुढच्याला द्यायचे.

फळ्यावरचा हिशोब

गुरुजींनी आम्हाला हा हिशोब फळ्यावर मांडायला लावला. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा एका घराच्या सामानाला १,२०,००० रुपये लागले. कुटुंबाने महिन्याला १,००० रुपये दिले, तर १२० महिन्यांत, म्हणजे १० वर्षांत, फिटले.

आता तेच पैसे सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने आणले तर? पहिल्याच महिन्याचे व्याज २,४०० रुपये होते. आपण १,००० रुपये दिले, तर कर्ज कमी होत नाही, उलट १,४०० रुपयांनी वाढते. म्हणजे जन्मभर दिले तरी घर सावकाराचेच. हे गणित आम्ही दोनदा तपासून पाहिले. वर्गात कोणी बोलेना. कारण असे कर्ज बऱ्याच घरी आहे.

दुसरा हिशोब त्याहून चांगला आहे. समजा अशी १० घरे झाली. दहाही घरे मिळून महिन्याला १०,००० रुपये देतात. वर्षाचे झाले १,२०,०००. म्हणजे वर्षाअखेरी अकरावे घर! दुसऱ्या वर्षी अकरा घरे हप्ता देतात, १,३२,००० जमतात, बारावे घर होते आणि १२,००० उरतात. असे पुढे मांडत गेलो, तर पाचव्या वर्षाच्या शेवटी १६ घरे होतात आणि शिल्लक बरोबर शून्य येते. पाच वर्षांत सहा नवी घरे, तीही बाहेरून एक रुपया न आणता. विश्वास नसेल त्यांनी पाटीवर करून पाहावे.

अर्थात खरे जग फळ्यासारखे नसते. सिमेंट महाग होते, लोखंड महाग होते, कोणाचा हप्ता चुकतो. हप्ता चुकला की पुढच्याचे घर लांबते. आणि तो पुढचा आपल्याच आळीतला असतो. म्हणून सहसा कोणी मुद्दाम चुकवत नाही, असे गुरुजी म्हणाले.

लोणावळ्याजवळची शंभर घरे

फुलर यांच्या गावाजवळच प्लेन्स नावाचे खेडे आहे. तिथले भुईमुगाचे शेतकरी जिमी कार्टर १९७७ ते १९८१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. पद गेल्यावर ते घरी बसून राहिले नाहीत. त्यांना सुतारकाम येत होते. १९८४ साली ते आणि त्यांच्या पत्नी रोझलिन न्यूयॉर्कमध्ये एक पडकी इमारत दुरुस्त करायला हातोडी घेऊन गेले. त्या इमारतीत १९ कुटुंबांची सोय झाली. तेव्हापासून दरवर्षी साधारण एक आठवडा ते घरे बांधायला जात. शेवटचे २०१९ साली गेले, तेव्हा त्यांचे वय ९५ होते. त्याच दिवसांत ते घरी पडले होते, कपाळाला टाके होते, तरी कामावर आले. २९ डिसेंबर २०२४ रोजी ते १०० व्या वर्षी वारले.

२००६ साली ते आपल्या महाराष्ट्रात आले होते. लोणावळ्याजवळ त्या वर्षी देशोदेशीच्या आणि इथल्या स्वयंसेवकांनी घरमालकांच्या बरोबरीने १०० घरे बांधली. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. त्यांचा महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. त्यांच्या आई लिलियन या नर्स होत्या. ६८ वर्षांच्या असताना, १९६६ साली, त्या मुंबईच्या विक्रोळी भागात कामगारांची सेवा करायला आल्या आणि जवळजवळ दोन वर्षे राहिल्या. माझी आजी ६८ वर्षांचीच आहे. हे तिला सांगितले तर ती म्हणाली, "बघ, आणि मला तालुक्याला जायचं तरी धाप लागते!"

मामाची शंका

माझे मामा गवंडी आहेत. त्यांना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "फुकट राबणारी माणसं आली तर आम्ही काय खायचं? आणि कारकुनानं बांधलेली भिंत उभी तरी राहील का?" दोन्ही प्रश्न खरे आहेत.

पहिल्याचे उत्तर असे, की अशा कामावरही गवंडी लागतोच आणि त्याला त्याची मजुरी मिळते. ज्या कुटुंबाला घर बांधणेच शक्य नव्हते, तिथे हे काम नव्याने निघते.

दुसऱ्याचे उत्तर मामांनीच दिले. कोपरा आणि पाया गवंड्याचा, मधले काम सगळ्यांचे. गवंडी कोपरे ओळंब्यात उचलतो आणि दोन कोपऱ्यांत सूत बांधतो. मग सुताला धरून मधल्या विटा नवख्या माणसालाही लावता येतात. खोलीचा कोपरा काटकोनात आहे का, हे मामा असे पाहतात : एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण, दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले की कोपरा खरा. म्हणजे मामा रोज पायथागोरसचे प्रमेय वापरतात आणि त्यांना नावही ठाऊक नाही!

आठवड्यात घर कसे होते, याचेही उत्तर यातच आहे. पाया आणि जोते आधी तयार असते, सामान जागेवर असते आणि हात पुष्कळ असतात.

पण नुसता उत्साह कामाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर पडून हजारो माणसे गेली. दगडी भिंतीत मधून मधून आरपार जाणारा लांब दगड घातला, भिंतींच्या वरून सगळीकडे एकसंध पट्टा फिरवला आणि छप्पर हलके ठेवले, तर घर बरेच टिकते. हे जाणकारालाच विचारून करायचे.

आपण काय करू शकतो?

सरकारी घरकुल आपल्याला माहीत आहे. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली आणि तेव्हा सपाट भागातील घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. ते काम होईल तसे हप्त्याने मिळतात. पण पाया खणायला, वीट वाहायला मजूर लावले, की त्यातलेच पैसे जातात. तिथे सावड उपयोगी पडेल.

आमच्या मैत्रिणीच्या घरच्यांचा यादीत अजून नंबर लागलेला नाही. पण पडली ती एकच भिंत आहे. मामांनी पाहून सांगितले, की बाकीच्या भिंती धड आहेत, मात्र मागच्या बाजूला चर काढून पावसाचे पाणी वळवले पाहिजे, नाही तर नवी भिंतही पडेल. ते दोन दिवस मजुरी न घेता देणार आहेत. चर खणायला आणि माती वाहायला मोठी माणसे हवीत. आम्ही मुले जड उचलणार नाही. आमच्याकडे पाणी मारायचे काम आहे. सिमेंट नुसते वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी मिळून घट्ट होते. लवकर सुकले तर कच्चे राहते. म्हणून निदान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. त्याच्या पाळ्या आम्ही लावल्या आहेत.

मी हे सांगायला मैत्रिणीच्या घरी गेले, तेव्हा तिची आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फुकट नको गं. विटा-सिमेंटाचे पैसे सुगीला देऊ. आणि जे येतील त्यांच्या रानात एकेक दिवस खुरपायला मी येईन. तसं असेल तर या."

म्हणून आज आलेल्या पालकांना विनंती आहे. ज्यांना एक दिवस देता येईल त्यांनी गुरुजींकडे नाव सांगावे. खुरपणीचा आपला दिवस कोणता, तेही सांगावे. म्हणजे तिच्या आईला सावड फेडता येईल.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता ७ वी