पणजोबा, तुमचा नंबर काय?

मीरा रोडला लिफ्टमध्ये नवा शेजारी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "गाव कुठलं?" त्यावर 'मीरा रोड' हे उत्तर चालत नाही. चालणार तरी कसं? १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये ती आठ लाख नऊ हजार झाली. वीस वर्षांत साडेचारपटीहून जास्त! एवढी बाळं काही इथल्या प्रसूतिगृहांत जन्मलेली नाहीत. उरलेले सगळे टेम्पोत कपाट घालून आलेले.

तिकडे हिंदी महासागरापलीकडे मॉरिशसमधली मराठी माणसंही हाच प्रश्न विचारतात, फक्त स्वतःला. गंमत म्हणजे त्यांच्यातल्या कित्येकांना आपल्यापेक्षा नेमकं उत्तर मिळतं.

खांद्यावरचा व्रणसुद्धा दप्तरी

मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, न्यायला सुरुवात झाली १८३४ मध्ये. पुढच्या ऐंशीएक वर्षांत हिंदुस्थानातून जवळपास पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली. मुंबई बंदरातून गेलेली त्या मानाने थोडी, पण त्यांतच आपले कोकणातले आणि घाटावरचे लोक होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा पायऱ्या चढल्या की माणूस सरकारच्या वहीत शिरायचा: नंबर, जहाजाचं नाव, स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा. अंगावर व्रण असेल तर तोही. पुढे कोणत्या मळ्यावर गेला, लग्न झालं का, मेला की परत गेला, हेही त्याच नोंदीला जोडलं जाई.

हे काही मायेपोटी नव्हतं. मजूर पळाला तर पकडता यावा, म्हणून. १८६० च्या दशकात त्यात फोटोची भर पडली. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट खिशात घेऊनच रस्त्यावर यावं लागे. नसेल तर तुरुंग. ज्या काळात आपल्याकडे संस्थानिकांचे फोटो निघत होते, त्याच काळात ऊस तोडणाऱ्या माणसाचाही निघाला. नजर थेट कॅमेऱ्यात, चेहऱ्यावर हसू नाही. आता पणतवंडं तो चेहरा हौसेने भिंतीवर लावतात.

या वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. वंशजाने आपल्या जन्मदाखल्यापासून बाप, आजा, पणजा असं मागे मागे जात नंबरापर्यंत पोचायचं. नंबर लागला की कुलूप उघडलं! मार्च २०२५ मध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याची घोषणा झाली, त्यामुळे या शोधाला आता सरकारी कारणही मिळालंय.

तीन आडनावांची गोष्ट

सगळ्यात मजा आडनावांची. मुंबई इलाख्याच्या कागदांत माणूस लिहिला जायचा 'रामा बिन सोनू', म्हणजे सोनूचा मुलगा रामा. आडनावाचा पत्ताच नाही. बेटावर पुढच्या पिढीची नोंद करताना कारकुनाला आडनाव हवं होतं, तेव्हा बापाचं नुसतं नावच आडनाव होऊन बसलं. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थी पहिल्यांदा साजरी झाली १८९६ मध्ये, हेन्रिएटा गावात, भिवाजी कुटुंबाकडे. म्हणजे टिळकांच्या सार्वजनिक गणपतीनंतर अवघ्या तीन वर्षांनी. तिकडे भिवाजी हे आडनाव! आपल्याकडे कोणी 'मी भिवाजी' म्हटलं तर आपण विचारू, "पुढे?"

बेने इस्रायलांचं बरोबर उलटं. कोकणातल्या या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी १९४८ नंतर इस्रायलची वाट धरली. तिथे आपलं ज्यूपण पूर्ण मानून घ्यायलाच त्यांना १९६४ पर्यंत झगडावं लागलं, पण आडनाव त्यांनी शाबूत नेलं. रोहेकर, पेणकर. गुगल मॅप कशाला हवा? पत्ता आडनावातच आहे. वर 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिकडे काढलं.

तिसरं उदाहरण भाईंदरहून बस पकडली की तासाभरात गाठता येतं. उत्तन, डोंगरी, गोराई या पट्ट्यातली ईस्ट इंडियन आणि ख्रिस्ती कोळी मंडळी कुठेच गेली नव्हती, आडनावच समुद्रावरून त्यांच्याकडे आलं. पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याबरोबर परेरा, डिसोझा, गोन्साल्विस अशी नावं मिळाली. घरात मात्र बोली मराठी, अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली घेतलेलं. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिश्चनांहून आपण वेगळे, इथलेच, हे साहेबाला कळावं म्हणून. इथे पूर्वज शोधायचा तर चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही उघडायची. त्यात आईबापांबरोबर धर्मपित्या-धर्ममातेचीही नावं असतात, त्यामुळे एका पानावर दोन-तीन घरांचे धागे सापडतात.

'रटनाघेरी' कुठे आलं?

इंग्रज कारकुनाच्या कानाला कोकण झेपलं नाही. त्याने रत्नागिरीचं 'रटनाघेरी' करून टाकलं. खेड्यांच्या नावांचं काय झालं असेल ते सांगायला नको. युक्ती एकच: ते स्पेलिंग मोठ्याने वाचायचं आणि समोर कोकणातली म्हातारी बसवायची.

आणखी एक खड्डा. वहीत जिल्हा रत्नागिरी दिसला म्हणून थेट रत्नागिरीचं तिकीट काढू नका. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये. त्याआधी मालवण-वेंगुर्लेही रत्नागिरीतच होते. कुलाब्याचं नाव रायगड झालं तेही त्याच वर्षी. 'कुलाबा' वाचून दक्षिण मुंबईत हिंडलात, तर पूर्वज नाही, फार तर कॅफे सापडेल.

कागद अडला की पाय मदतीला येतात. मॉरिशसचे मराठी लोक 'झाकरी' नाचतात. ती आपल्या रत्नागिरीकडची जाखडी. हा नाच बोटीत चढला तेव्हा त्याला कोणी नंबर दिला नव्हता, तरी जिल्हा बरोब्बर सांगतो.

कॉर्नवॉलचे चुलतभाऊ

पोटासाठी घर सोडून वंशजांना कोड्यात टाकणारे आपणच एकटे नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या तांब्या-कथलाच्या खाणी एकोणिसाव्या शतकात बसत गेल्या आणि खाणकामगार जगभर पांगले. त्यांना 'कझिन जॅक' म्हणत. कुठेही जागा निघाली की म्हणायचे, माझा एक चुलतभाऊ आहे, त्याला बोलावतो. (लालबाग-परळच्या गिरणीत गाववाल्याला चिकटवणारा आपला मुकादम आठवला ना?) त्यांनी मेक्सिकोतल्या पाचुका भागात आपली 'पास्टी' नेली, ती करंजीची धाकटी बहीण आज तिथे 'पास्ते' म्हणून विकतात. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणींतही ते उतरले होते.

आणि आता योगायोग पाहा: कॉर्नवॉलचा खाण-परिसर आणि पोर्ट लुईच्या त्या सोळा पायऱ्यांचा आप्रवासी घाट, दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले २००६ मध्ये.

आणि आपले पणजोबा?

माझे पणजोबा कुठेच गेले नाहीत. त्यामुळे त्यांचा फोटो नाही, उंची ठाऊक नाही, जहाज तर नाहीच. कोल्हापूर-सांगलीकडे निदान हेळवी तरी आहेत. बैल घेऊन दारी येतात, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतात आणि धान्य घेऊन पुढे जातात. कोकणात आमच्याकडे कोण येणार? उरलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंद. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि कोतवाल बुकाचं नाव घरोघरी पोचलं. जुन्या मोडी लिपीतलं वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. मीही त्या वाऱ्यात तालुक्याला जाऊन आलो.

मोडी वाचणाऱ्या काकांनी पिवळ्या पानावरून बोट फिरवलं, चष्मा वर केला आणि एका ओळीवर थांबले. नाव, बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण: ताप. आडनाव नव्हतं. "हेच का तुमचे?" त्यांनी विचारलं. त्याच पानावर त्याच नावाचे आणखी दोघे होते. दोघेही तापानेच गेलेले.