अफवेची शहानिशा

जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास गेलेल्या प्रवाशाला तेथील उंच कोरीव दगडी स्तंभ, भग्न मंदिरे आणि प्राचीन बारव पाहताना हे सारे ‘हेमाडपंती’ असे कोणीतरी सहज सांगून जाते. वास्तविक हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा प्रधान, आणि महाराष्ट्रात त्याच्या नावावर जमा झालेली कित्येक देवळे तो जन्मण्यापूर्वीच उभी होती. या समजुतीने कोणाचे नुकसान होत नाही हे खरे. परंतु ऐकीव गोष्ट विनातक्रार पुढे देण्याची हीच सवय मोबाईलवर किती भीषण रूप धारण करते, याची साक्ष धुळे जिल्ह्याने दिली आहे.

१ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ही माणसे गावाला परकी वाटली, एवढाच त्यांचा अपराध. त्या काळात देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत दुचाकीवरून येऊन मूल उचलून नेणारी माणसे दिसत. ती फीत मूळची कराचीतील, पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली. मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि उपदेशाचा पुरावा झाला.

अशा संदेशाची घडण तरुणांनी बारकाईने न्याहाळावी. ‘आज सकाळी आपल्या भागात टोळी आली आहे’ या वाक्यात तारीख नसते, गावाचे नाव नसते, फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदली हे नसते. त्यामुळे वर्षापूर्वीचा ‘आज’ दररोज ताजा राहतो. खाली ‘सर्वांना पाठवा’ अशी निकड असते, कारण विचाराला उसंत मिळाली तर संदेश तेथेच थांबेल. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. पुढे वारंवार फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूणही आली. हे बंधन इष्टच, पण खूण दिसल्यावर बोट आवरणे हे शेवटी माणसाचेच काम आहे.

आणि हे काम शिकविता येते. केरळातील कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली सुमारे दीडशे सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेण्यात आले. मराठवाड्यातील शाळांनी ते अवश्य करावे असे मला कळकळीने वाटते. कारण घरातील मोबाईल नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुलालाच अधिक समजतो आणि आजोबा त्यालाच विचारतात, ‘हे खरं का रे?’ त्या मुलाला चित्र गूगलवर उलट शोधून त्याचे मूळ स्थळ काढता यावे, तीच वार्ता दुसऱ्या जबाबदार वृत्तपत्रात आहे का हे पाहता यावे, आणि ‘ठाऊक नाही, चौकशी करून सांगतो’ असे वडीलधाऱ्यांना निःसंकोच म्हणता यावे. अभ्यासास चारठाण्याचा स्तंभही पुरे: त्याच्याविषयी ऐकलेली प्रत्येक हकिकत मुलांनी वहीत लिहावी आणि समोर ती कोठून कळली ते नोंदवावे. उद्या वेशीवर अनोळखी भिक्षेकरी दिसला आणि गर्दी जमू लागली, तर ११२ क्रमांक फिरवून पोलीस येईपर्यंत त्याच्या शेजारी उभे राहण्यास असेच पाच-सहा तरुण लागतील.